अर्धं कापलेलं वचन

एक जानेवारीच्या सकाळी आमच्या चर्चमध्ये उपासना संपली की व्यासपीठासमोरच्या टेबलावर एक पितळी परात येते. परातीत कागदाच्या सुरळ्या असतात, प्रत्येकीला लाल दोरा बांधलेला, आणि आत पवित्र शास्त्रातलं एक वचन. एकेका घरातल्या कर्त्या माणसानं पुढं जायचं, डोळे मिटून परातीत हात घालायचा आणि हाताला येईल ती सुरळी घेऊन यायची. ते त्या घराचं वर्षाचं वचन. मग ते पुठ्ठ्यावर चिकटवून भिंतीला लावायचं, आणि वर्षात जे बरं घडेल ते त्याच्या नावावर घालायचं. वाईट घडेल ते कुणाच्याच नावावर नाही.

महाद्वार रोडला एक जोतिषी पोपट घेऊन बसतो. आमची माणसं त्याच्यासमोरून जाताना तोंड वाकडं करतात आणि 'अंधश्रद्धा' म्हणतात. मला दोन्हींत एकच फरक दिसतो. पोपटाच्या पाकिटांत निदान साडेसाती तरी असते. आमच्या परातीत नसते.

मी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणी खात्यात आहे. ओतून आलेला नग मापात आहे की नाही ते बघणं, हेच माझं आजवरचं काम. त्यामुळं स्वभाव चिकित्सक झालाय. "चपाती वाढल्यावर तुमी आदी तिचा गोल बगता, मग खाता," असं बायको म्हणते, आणि ते खोटं नाही. त्याच सवयीनं मी एका वर्षी परातीतल्या वचनांचे पत्ते तपासले. प्रत्येक कागदाखाली अध्याय आणि ओळ बारीक अक्षरांत छापलेली असते. ते पत्ते उतरून घेतले, घरी येऊन पवित्र शास्त्र उघडलं आणि एकेक वचन जागेवर जाऊन बघितलं.

बरीचशी वचनं संदेष्ट्यांची निघाली. यशया, यिर्मया, यहेज्केल, योएल, आमोस. ही माणसं कोण होती? आपल्याच लोकांना तोंडावर सांगणारी, की तुम्ही गरिबाला चपलेच्या जोडासाठी विकलंत, खोटी मापं वापरलीत, आता तुमचं शहर पडणार आणि तुम्ही बंदिवान होऊन बाबेलला जाणार. पान उलटलं की पुन्हा तेच. आमोसचे नऊ अध्याय आहेत. त्यांत पुन्हा उभं करण्याचं जे वचन आहे ते अगदी शेवटी, शेवटच्या पाच ओळींत. आमच्या परातीतलं आमोसचं वचन त्या पाचांतलंच होतं. बाकीच्या आमोसला आमच्या चर्चमध्ये नव्या वर्षाचं आमंत्रण नव्हतं.

योएलचं वचन तर आमच्या पाळकांचं फार आवडतं. टोळांनी खाल्लेली वर्षं भरून देईन, असं देव म्हणतो. लग्न असो, मयत असो, परीक्षेचा निकाल असो, पाळक टोळ काढतातच. ते टोळ कुणी पाठवले होते हे मात्र ते कधी सांगत नाहीत. त्याच ओळीत पुढं देव म्हणतो की ते माझंच सैन्य, मीच धाडलेलं. आमच्या कागदावर ओळ त्याच्या अलीकडंच संपते.

मी पाळकांना विचारलं. तरुण माणूस, आवाज खणखणीत, मनाचा वाईट नाही. ते तेव्हा तरुण संघाच्या मुलींबरोबर सुरळ्यांना दोरे बांधत बसले होते.

"पाळकसाहेब, ही वचनं मधेच तोडलीत."

"दादा, नव्या सालाला लोकांच्या हातात काय देऊ? तुझं घर मोडेन? तुझं गाणं रडगाणं करीन?"

"मग त्या वचनाला हातच लावू नका. अर्धं कशाला देता?"

पाळकांनी बोटाएवढा कागद माझ्यापुढं धरला. "जागा एवढीच हाय की हो."

दोरे बांधणाऱ्या मुली हसल्या. मी हसलो नाही. फाउंड्रीत एखाद्या नगात चीर किंवा भोक निघालं तर दोन रस्ते असतात. एक, त्यावर खडूनं फुली मारायची आणि तो परत भट्टीत टाकायचा. तिथं तो वितळतो आणि त्याचा नवा नग होतो. दुसरा रस्ता पुटीचा, म्हणजे लांबी भरायचा. भोकात पुटी भरा, घासा, वर रंग मारा. दिसायला तो चांगल्या नगापेक्षा चांगला दिसतो. मग शिरोळकडं कुठंतरी, उसाचा भरलेला ट्रेलर चढावर असताना, ट्रॅक्टरखाली तो मोडतो. संदेष्ट्यांचा देव मला कळला असेल तर तो असाच कळला आहे. तो फुली मारतो, आणि फुली मारलेलं भट्टीत घालून पुन्हा घडवतो. पुटीचं काम त्याच्याकडं नाही. ते काम माणसांनी घेतलंय.

हे सगळं माझ्यापुरतं राहिलं असतं. पण मग आक्काच्या हाताला तशी एक सुरळी लागली.

आक्का माझी थोरली बहीण. शिरोळकडच्या नदीकाठच्या एका गावात दिलेली. घर नदीकडच्या खालच्या गल्लीत. ते दाजींनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. नदीकडची भिंत उभी राहिली तेव्हा मी तिथं होतो. भिंत सरळ चढते का ते बघायचा ओळंबा दाजींनी मलाच धरायला लावला होता. पहिल्या महापुरात पाणी खिडकीला लागलं. दोघांनी चिखल काढला, घर धुतलं, पुन्हा राहिले. मग दाजी गेले. एकुलती लेक लग्न होऊन बेळगावकडं. दुसऱ्या महापुरात पाणी चौकटीच्या वर गेलं आणि मुक्काम करून राहिलं. पाणी ओसरलं तेव्हा नदीकडची भिंत फुगून पोटात आली होती.

आक्का आमच्याकडं आली ती एक ट्रंक आणि एक शेळी घेऊन. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत शेळी कुठं बांधणार? ती बायकोच्या भावाकडं गडमुडशिंगीला पाठवली. आक्का दर आठवड्याला बसनं शेळीला भेटायला जायची आणि आल्यावर सांगायची, "लई वाळलीया. परक्याच्या दारातला चारा अंगाला लागत न्हाय." ती कुणाबद्दल बोलते आहे हे आम्हाला कळायचं. बायको जास्तच तूप वाढायची. आक्का जास्तच कमी खायची.

त्या जानेवारीत ती म्हणाली, "यंदा माझ्या घरचं वचन मी काढतो. माझं घर येगळं हाय." मी म्हटलं, काढ. तिनं पदर सारखा केला, डोळे मिटले आणि परातीत हात घातला.

यिर्मयाचं वचन निघालं. जिथून तुम्हाला घालवून दिलं होतं तिथंच मी तुम्हाला परत आणीन, अशा अर्थाचं. आक्का तिथंच, टेबलापुढं, रडायला लागली. पाळकांनी माइकवरून सगळ्या मंडळीला वाचून दाखवलं. पूरग्रस्त विधवा बहीण, आणि तिच्या हाताला नेमकं हेच. मंडळीनं हालेलुया म्हटलं. मी कागदाच्या खालचा पत्ता बघितला. अध्याय एकोणतिसावा. तो अध्याय मला माहीत होता.

"बगितलंस?" घरी येताना आक्का म्हणाली. "मला जायला सांगितलंय."

"आक्का, वरच्या ओळी वाच."

"वर काय हाय?"

"सत्तर वर्षं झाल्यावर, असं आहे."

तिनं कागदाची पुन्हा सुरळी केली. मग म्हणाली, "सत्तर वर्षं मी कुठनं आणू?"

 एवढी वर्षं बाबेलला नेलेल्या लोकांकडंही नव्हती. हे वचन यिर्मयानं त्यांना पत्रातून धाडलं होतं, आणि ते ऐकणाऱ्या मोठ्या माणसांतलं बहुतेक कुणी परत गेलं नाही. नातवंडं गेली.

संध्याकाळी चहा झाल्यावर मी तिला तो अध्याय आणि त्याच्या आधीचा, दोन्ही मोठ्यानं वाचून दाखवले. बायको भाजी निवडत ऐकत होती. आधीच्या अध्यायात हनन्या नावाचा एक संदेष्टा आहे. यरुशलेमातली मंदिराची भांडी आणि काही माणसं शत्रूनं आधीच बाबेलला नेलेली. यिर्मया गळ्यात लाकडी जू घालून फिरतोय, की मान वाकवा, हे लांबणार आहे. हनन्या भर मंदिरात उभा राहतो आणि सांगतो, दोन वर्षांत सगळं परत येईल, माणसंही आणि भांडीही. आणि यिर्मयाच्या गळ्यातलं जू ओढून मोडून टाकतो. लोकांना कोण आवडलं असेल? दोन वर्षंवाला की सत्तर वर्षंवाला?

"मग त्या हनन्याचं काय झालं?" बायकोनं विचारलं.

"त्याच वर्षी मेला."

आक्का म्हणाली, "आरं, तुला कुणी मेलं की लई बरं वाटतंय."

"मला नाही. तिथं लिहिलंय."

"आनि यिर्मया काय म्हणाला त्येला?"

मी वाचलं. यिर्मया आधी म्हणतो, आमेन, तू म्हणतोस तसंच देव करो. मग म्हणतो, पण. ते 'आमेन' मी भरभर वाचून पुढं गेलो होतो. आक्कानं मला थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं. "म्हंजे त्येला बी तसंच पायजे हुतं," ती म्हणाली.

"पाहिजे असणं वेगळं."

पुढच्या अध्यायात यिर्मया बाबेलला नेलेल्या लोकांना पत्र धाडतो. जिथं आहात तिथं घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, त्या शहराचं बरं चिंता. मी म्हटलं, "हे बघ, परत आणीन म्हणतोय त्याच पत्रात आधी सांगतोय, आहे तिथं घर बांध."

आक्कानं आमच्या दोन खोल्यांवरून नजर फिरवली. "हितं कुठं बांधू? तुज्या ग्यालरीत?"

बायको हसली. मीही हसलो. पण आक्कानं ते वचन पुठ्ठ्यावर चिकटवून ट्रंकेवर ठेवलं, भिंतीला लावलं नाही. ही भिंत तिची नव्हती.

तिच्या दिराला फोन गेला. दीर म्हणजे दाजींचा धाकटा भाऊ, गावात गवंड्यांची टोळी चालवतो. माणूस हसरा. कुठलंही काम "दोन म्हैन्यात" करणारा. त्याला वाटत होतं की वहिनी परत आली की गल्ली भरेल, बाकीचेही येतील. वाईट काहीच नाही. वाईट माणसांशी भांडणं सोपं असतं. "वैनी, वचनच आलंय म्हटल्यावर थांबायचं कशाला? दोन म्हैन्यात उबं करतो," असं तो म्हणाला. माझ्या कानात हनन्याचीच दोन वर्षं वाजली, फक्त याची दोन महिन्यांवर आलेली.

मार्चमध्ये आक्का गावी गेली. दिराच्या घरी राहून काम बघायची, काम संपत आल्यावर आपल्याच घरात निजायलाही लागली. मी फोनवर विचारायचो, "नदीकडची भिंत पाडली का?"

"पाडायची कशाला? भाऊजी म्हणत्यात गिलावा केला की बसती."

"भिंत बसत नाही आक्का, भिंत झोपते."

"तुजं तोंडच तसलं." फोन बंद.

मे महिन्यात घरभरणीची उपासना ठेवली. पाळक जीपनं निघाले, मीही त्यांच्याबरोबर गेलो. पिशवीत ओळंबा घेतला होता. वाटेत पाळकांनी त्या वचनावरचं आपलं प्रवचन मला ऐकवलं. सुरुवात टोळांनी.

घर लग्नातल्यासारखं सजलं होतं. दारावर आंब्याच्या डहाळ्या, आत सतरंज्या, गल्लीतली माणसं, आक्काच्या अंगावर नवं लुगडं. आणि नदीकडची भिंत. गुळगुळीत गिलावा, वर आकाशी रंग. तिच्यावर मधोमध खिळा मारून ते वचन लावलं होतं. मी फाउंड्रीत अशा रंगाच्या पुष्कळ नगांना हात लावलेला आहे.

मी खुर्चीवर चढलो आणि ओळंबा सोडला.

"पावणं," दीर हसत म्हणाला, "प्रार्थनेला आलाय का मोजणीला?"

"दोन्हीला."

"दादा, आज नको," पाळक हळू म्हणाले.

"मग कधी? आडवी झाल्यावर?"

दोरी थांबली. वर भिंतीला टेकलेली दोरी खाली चार बोटं सुटली होती. एवढं बघायला फाउंड्री लागत नाही. सतरंजीवर बसलेल्यांनाही दिसत होतं.  दीर पुढं आला. "त्ये थोडं फार असतंयच की. माझ्या घराची बी भिंत सरळ न्हाय. अख्ख्या गावात दावा एक सरळ भिंत."

मी पाळकांकडं वळलो. मला राग आला होता आणि मी तो लपवला नाही. म्हटलं, "पाळकसाहेब, यहेज्केलाचा तेरावा अध्याय तुम्ही कधी परातीत घातला नाही. तिथं हीच भिंत आहे. लोक कच्ची भिंत बांधतात आणि शांती नसताना शांती म्हणणारे संदेष्टे तिला चुना फासतात. मग पाऊस येतो. कुणाच्या अंगावर येते ती? फासणाऱ्यांच्या का आत निजणाऱ्यांच्या?"

"दादा, मी काय गिलावा केलाय?"

"तुम्ही जानेवारीतच केलात."

दीर आता हसत नव्हता. "वैनी, तुमच्या भावाला आवरा. शुभकार्यात काय ही भाषा?"

 आक्का उठली, भिंतीजवळ आली आणि लोंबणाऱ्या दोरीकडं बघत राहिली. मग मला म्हणाली, "ह्यांनी बांधली तवा सरळ हुती का रं?"

"होती. ओळंबा मीच धरलेला."

तिनं आकाशी रंगावर तळहात ठेवला. "मला ठावं हुतं," ती म्हणाली. "आठ दिस झालं हितं निजतोय. आत माती सरकल्यागत वाजतंय. उशी घेऊन मी त्या कोपऱ्यात जातो."

"मग सांगितलं का नाहीस?" मी ओरडलोच. "मला नाही तर भाऊजींना?"

"वचन आलंय म्हटल्यावर कुणाला सांगू?"

हे वाक्य मी अजून कुणालाही पचवून दाखवा म्हणून सांगतो. पाळकांनाही तिथंच म्हटलं असतं, पण त्यांचं तोंड बघून थांबलो. पडणाऱ्या भिंतीला ती भीत होती, आणि भीती वाटते हे सांगितलं तर विश्वास कमी पडला असं होईल म्हणून गप्प होती. बोटाएवढ्या कागदानं एका शहाण्या बाईचं तोंड बंद केलं होतं. यिर्मयाला लोकांनी खोड्यात घातलं, चिखलाच्या विहिरीत सोडलं, पण तो बोलायचा थांबला नाही. आणि त्याचंच नाव खाली छापून आमच्या माणसांनी आक्काला गप्प केलं होतं.

आक्का आत गेली आणि खलातला बत्ता घेऊन आली. कुणाला काही कळायच्या आत तिनं तो भिंतीवर मारला. एकदा, दोनदा. गिलाव्याचा एक मोठा पापुद्रा सुटून सतरंजीवर पडला. मागं चीर होती, हाताची बोटं आत जातील एवढी.

"पाडा ही," ती दिराला म्हणाली.

"आज?"

"मग काय पावसाची वाट बगता व्हय?"

"वैनी, प्रार्थना..."

"पाडून झाल्यावर करू. पाळकसाहेब, चालंल न्हवं?"

पाळक म्हणाले, चालेल. त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या, हे मी त्यांच्या बाजूनं सांगितलं पाहिजे. दिराची माणसं पहारी घेऊन आली. भिंत पडायला फार वेळ लागला नाही, ती तयारच होती. ती कोसळली तेव्हा आक्का समोरच्या घराच्या पायरीवर बसली होती आणि हमसून रडत होती. गल्लीतल्या बायका तिच्याभोवती. मी जवळ गेलो तर तिनं मला हातानं लांब केलं. ती दाजींची भिंत होती. मी बरोबर होतो. तरी तिथं उभं राहायला मला जागा नव्हती. यिर्मया रडका म्हणून प्रसिद्ध आहे. मोजून सांगून झाल्यावर रडायलाही कुणीतरी लागतं, ते काम त्यानं दुसऱ्यावर टाकलं नव्हतं.

नंतरची प्रार्थना उघड्यावरच झाली. पाळकांनी टोळ काढले नाहीत.

आक्का पुढं दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही. मग फोन आला. फार वर्षांपूर्वी पुराच्या भीतीनं गावाच्या वरच्या माळावर पुनर्वसनाचे प्लॉट दिले होते, त्यांतला एक दाजींच्या नावावर होता. तिथं कुणी राहायला गेलं नव्हतं. "माळावर काय कोल्ही राखायची?" असं दाजीच म्हणायचे. प्लॉटावर बाभळी माजल्या होत्या. आक्का म्हणाली, "भाऊजींना म्हटलं, त्याच भिंतीच्या इटा वर न्या. तू ओळंबा घेऊन ये."

एक खोली आणि पुढं पडवी, एवढंच. ओळंबा मी धरला, आणि दर थराला आक्का येऊन दोरी बघून जायची. दीर कुरकुरायचा, "पावणं, देवळाचा कळस बांधतोय का शेळीचा गोठा?" पण बांधलं त्यानं चांगलं. गिलावा झाला नाही. आक्कानंच करू दिला नाही. "इटा दिसू द्यात," म्हणाली.

आणि त्या वर्षी पूर आला नाही. नदी गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि परत गेली. दिराला कोण आनंद. दिवाळीत भेटला तेव्हा पहिलं वाक्य तेच. "काय पावणं, उगंच पाडली की हो भिंत! नुसत्या गिलाव्यावर निघालं असतं साल."

"निघालं असतं."

"मग?"

"मग पुढचं साल."

तो मान हलवत हसला. त्याला मी अजून पटलेलो नाही, आणि पूर न आल्यानं माझं माप चुकलं असं मलाही वाटत नाही. चार बोटं ती चारच बोटं. पाऊस कमी पडला म्हणून ती तीन होत नाहीत.

यंदाच्या एक जानेवारीला आक्का आदल्या दिवशीच आमच्याकडं आली. शेळी गडमुडशिंगीहून केव्हाच माळावर गेली होती, तिला शेजारणीकडं सोडून आली होती. तिनं मुद्दाम दोनदा सांगितलं की शेळीनं आता अंग धरलं आहे. उपासनेत पाळक साक्ष द्यायला उभे राहिले. गेल्या वर्षी एका भगिनीला याच परातीतून वचन मिळालं, ते म्हणाले, आणि बघा, देवानं तिला तिच्या गावात नवं घर दिलं. मंडळी हालेलुया म्हणायच्या बेतात होती. मी डोक्याला हात लावला. पुन्हा अर्धं. गावात बाह्या वर करून पहार मारलेला माणूस, आणि माइक हातात आला की पुन्हा पुटी.

बायकांच्या बाजूनं आक्काचा आवाज आला. माइकची तिला गरज नसते.

"भिंत पाडल्याचं बी सांगा की, पाळकसाहेब."

कुणी हसलं. पाळक लालेलाल झाले, पण सांगू लागले. ओळंबा, चार बोटं, बत्ता, सगळं. पापुद्रा सतरंजीवर पडला इथपर्यंत सांगितलं.

मग परात आली. घरं एकेक करून उठली. आमच्या घराची सुरळी बायकोनं काढली, मी पत्ता बघितला नाही. आक्काची पाळी आली तरी ती जागची हलली नाही. पाळक परात घेऊन स्वतः तिच्यापुढं गेले.

"आक्का, काढा की."

"नको. गेल्या सालचंच पुरं व्हायचंय अजून."

"अहो, घर झालं की तुमचं."

"घर झालं," आक्का म्हणाली. "पर त्येला सत्तर वर्षं हायत न्हवं? माझा भाऊ सांगतोय. जावा, पुढच्याला द्या."